वेलांटी आधी, रफार नंतर

११ मार्च २०२५, मंगळवार. महाड
दुकान उघडायच्या आतच मंडळाची पोरं पायरीवर येऊन बसली होती. २०२७ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. पंचाहत्तरीला, २००२ साली, बाबांनी जुळवलेली स्मरणिका त्यांना पुन्हा छापायची आहे. पोलादपूरकडच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत तीत. सांगणाऱ्यांपैकी आता कुणी उरलं नाही. मंडळाकडच्या छापील प्रती पुरात गेल्या. सीडी पोलादपूरला घरी होती म्हणून वाचली.

"ताई, फाइल आहे ना? मग प्रिंट मारायची."

फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा. आजीच्या आठवणींची दोन पानं म्हणजे नुसता चिवडा. एकाला वाटलं व्हायरस लागलाय.

१२ मार्च, बुधवार. महाड
खणातून ती डबी काढली. काडेपेटीएवढी, करडी, एका बाजूला २५ टाचण्या. प्रिंटरची तार लावायच्या जागी ही आधी खोचली तरच जुळणीचं सॉफ्टवेअर चालायचं. बाबा तिला 'लॉक' म्हणायचे आणि रात्री रुमालात बांधून घरी न्यायचे. २२ जुलै २०२१ला न्यायला सवडच मिळाली नाही, सावित्रीचं पाणी पेठेत चढत गेलं. नंतर चिखलात सापडली. जुन्या टूथब्रशने घासली, आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली. टाचण्यांवर हिरवा गंज आहे.

तेव्हा कंपनीला फोन केला होता. ती आवृत्ती बंद झाली, नवी विकत घ्या, एवढंच उत्तर. पैसे आम्ही मोजलेले, बोलणं आमच्या माणसांचं, जुळणी बाबांच्या बोटांची, आणि वाचायची परवानगी दुसऱ्याच्या हातात. मला याचा राग येतो. तो निवू नये असंच वाटतं.

भाचा म्हणाला, "आत्या, तो फाँट कुणाकडून तरी मिळेल की." मिळेलही. पान दिसेल, पण त्यात एक शब्द शोधता येणार नाही की मोबाइलवर पाठवता येणार नाही. युनिकोडमध्ये 'म'ला जगभर एकच क्रमांक आहे. या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने मराठी आकार बसवले, दर कंपनीची मांडणी निराळी. बाराखडी कुणाच्या बापाची नसताना तिच्या वाटण्या झाल्या.

१४ मार्च, शुक्रवार. पोलादपूर
धुळवड. दुकान बंद. संध्याकाळी कवींद्र परमानंदांच्या समाधीपर्यंत चालत गेले. त्यांचं 'शिवभारत' आपल्यापर्यंत आलं ते कुणीतरी पोथीची नक्कल केली म्हणून. तंजावरच्या पोथीवरून स. म. दिवेकरांनी ते १९२७ला छापलं, तळ्याच्या सत्याग्रहाच्याच साली. नक्कल करणाऱ्याला कुणी डबी मागितली नव्हती.

१७ मार्च, सोमवार. महाड
तिथीने शिवजयंती. गडाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला. माझ्या डोक्यात मात्र १९३७ सालचा १७ मार्च.

१९२३ला मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोल्यांचा ठराव झाला, १९२४ला महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्याली, आणि त्याच दिवशी गावात त्यांना मार पडला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायच्या तोंडावर महाडच्या कोर्टात दावा पडला. दावा कशाचा, तर मालकीचा : हे 'चौधरी तळं', आमचं खाजगी. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. निकाल लागायला जवळजवळ दहा वर्षं गेली. शेवटी त्या १७ मार्चला ब्रूमफील्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी हायकोर्टात सांगितलं की तळं नगरपालिकेचं आहे आणि इतरांना अडवण्याची वहिवाट अनादिकाळापासूनची असल्याचं दावेदारांना शाबीत करता आलेलं नाही.

शाबीत कुणी करायचं? 'माझं आहे' म्हणणाऱ्याने. हे मला फार मोलाचं वाटतं. त्या माणसांनी जे सोसलं त्याच्याशी माझ्या डबीची बरोबरी मी कधी करणार नाही. पण सगळ्यांच्या वस्तूला आधी कुंपण घालायचं आणि मग आत येणाऱ्याकडे हक्काचा कागद मागायचा, ही रीत तीच आहे.

१९ मार्च, बुधवार. पोलादपूर
भाचा आणि मी रात्री दोनपर्यंत तक्ता करत बसलो. कुठल्या खुणेला कुठलं अक्षर, एकेक ओळखून. जुन्या जुळणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफार उलटा : तिथे नंतर, इथे आधी. नुसती खूण बदलून भागत नाही, जागाही बदलावी लागते. बाबांचं बोट कुठून कुठे जात असेल ते मला दिसत होतं.

२० मार्च, गुरुवार. महाड
तळ्याभोवती मुंगीला वाट नाही. पुस्तकांच्या पालांवर सगळ्यात जास्त दाटी. मंडळातल्या एकाने विचारलं, स्मरणिकेत बाबासाहेबांचा लेख घालायला परवानगी कुणाची? कुणाची नको. त्यांना जाऊन साठ वर्षं पुरी झाल्यावर, १ जानेवारी २०१७पासून, त्यांचं लेखन सर्वांचं झालं. खरं तर ते २००७लाच व्हायचं. रवींद्रनाथांच्या पुस्तकांचे हक्क संपत आले तेव्हा कायद्यातली पन्नास वर्षं साठ केली गेली, त्यात आपलीही दहा वर्षं गेली. बाबासाहेबांनी स्वतः 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या १५०० प्रती छापल्या होत्या, दोन महिन्यांत संपल्या. लाहोरच्या मंडळाने रद्द केलेलं ते भाषण. आणि सरकारने छापायच्या त्यांच्या खंडांसाठी २०२१ला हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. हक्क मोकळा झाला म्हणून मजकूर हाताशी येतोच असं नाही.

२२ मार्च, शनिवार. महाड
दुपारी अकराव्या खेपेला पान उठलं. 'मुक्ता' फाँटात, मुंबईच्या एक टाइपने मोकळा ठेवलेला. मी आधी एकच शब्द शोधला : सार्वजनिक. त्यात रफारही आहे, वेलांटीही. दोन्ही जागेवर होती. मग आजीचं पहिलं वाक्य वाचलं. फडक्यात भाकरी बांधून निघालो व्हतो, असं आहे ते. बाबांनी तिचं 'व्हतो' 'होतो' केलेलं नाही.

भाच्याने विचारलं, हे अक्षरं बदलायचं साधन विकायचं का? माणगावात, खेडात, सगळीकडे जुन्या जुळणीवाल्यांकडे अशा सीड्या पडून असतील. मी त्याला जीपीएल हा परवाना वाचायला दिला. वापरा, बदला, वाटा, पण बदललेलं पुढे वाटाल तर तेही असंच मोकळं. त्याने फाइलीच्या वर तसं लिहिलं आणि खाली बाबांचं नाव घातलं.

'दुसऱ्या'तला ऱ्या अजून फुटतोय. उद्या रविवार आहे, बसू.