शेणाच्या घरातली गोष्ट

चिमणी-कावळ्याची गोष्ट आजीकडून शेकडो वेळा ऐकली होती. पोथीत पहिल्यांदा भेटली ती जुन्या मराठीचा अभ्यास करू लागल्यावर, लीळाचरित्रात. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, त्यांत ती आहे. चिमणीच्या जागी साळुंकी, बाकी सगळं ओळखीचं: कावळ्याचं घर शेणाचं, तिचं मेणाचं, पाऊस आणि बंद दार. गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर हे महानुभावांचं मोठं तीर्थ आहे. आजीचा हात धरून तिथं दर्शनाला जायचो. पण तिची गोष्ट याच पंथाच्या ग्रंथात आहे, हे ना तिला ठाऊक ना मला.

नवल वाटतं ते सांगणाऱ्याचं, म्हणजे चक्रधरांचं. घरदार सोडा, झाडाखाली राहा, भिक्षा मागून खा असं शिष्यांना बजावणारा विरक्त पुरुष गोष्ट सांगतो ती घराची! त्याचे दृष्टांत पुढे केसोबासांनी दृष्टांतपाठात एकत्र केले. तिथं प्रत्येक कथेला दार्ष्टांतिक, म्हणजे अर्थ उलगडणारा भाग, जोडलेला आहे. कावळा त्यातून सुटला. आपण मात्र त्याला गाठलंच: कावळा आळशी, चिमणी कष्टाळू.

हे तात्पर्य बीडमध्ये तरी टिकत नाही. आमचं घर माळवदाचं, भिंती मातीच्या, जमीन शेणानं सारवलेली. मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकायची राहिली, की पहिल्या मोठ्या पावसातच गळती सुरू. पातेलं, परात, तांब्या, हाताला लागेल ते खाली मांडायचं. अशाच रात्री आजी गोष्ट काढायची, आणि कावळ्याचं घर वाहून गेलं की आम्ही भावंडं खिदळायचो. राहत होतो शेणामातीत, बाजू मात्र चिमणीची! मेणाचं घर पाहिलं होतं कुणी? आमच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत उभं राहिलं नसतं.

आता माझं लक्ष दारापाशी अडतं. चिमणी ‘थांब’ म्हणते आणि एकेक काम सांगते. ती यादी सांगणारणीची स्वतःची. पोराचा डोळा लागेपर्यंत ताणायची. आजीची चिमणी बाळाला न्हाऊ घाली, तीट लावी, पाळण्यात निजवी. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पाचटाच्या कोपीत मुक्काम पडतो. धारूरकडच्या, कोयत्यावर जाणाऱ्या एका बाईंनी मला त्यांची गोष्ट सांगितली. त्यांची चिमणी म्हणते: थांब, मोळ्या बांधते, थांब, गाडी भरते, थांब, बैलांना वाढं टाकते. न्हाऊ-माखू त्या यादीत नाहीच.

मी वही उघडून विचारलं, “मावशी, कावळ्याचं पुढं काय झालं?”

“काय की बाबा,” त्या म्हणाल्या, “पोरं तिथवर कुठं जागी राहत्यात!”