मांजरेचं चित्र

मांजरामाय, तुझं चित्र काढायचं राहूनच गेलं.

इंग्लंडातल्या स्टूर नदीचं नशीब बघ. सफोक आणि एसेक्सच्या शिवेवरून वाहणारी एवढीशी नदी. तिच्या खोऱ्यात १७७६ साली जॉन कॉन्स्टेबल जन्मला. बापाची फ्लॅटफर्डला गिरणी. पोरानं ती गिरणी, चिखल, ढग, पाण्यात उभी घोडागाडी, सगळं रंगवलं. ‘द हे वेन’ हे त्याचं चित्र १८२१ चं. त्यातलं काठावरचं घर अजून उभं आहे आणि लोक ते चित्र मनात धरून तिथं जातात. चित्रानं खोरं राखलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण तिथलं झाड पडलं, तर ते कुठं होतं हे दाखवता तरी येतं.

तुझं काय दाखवू? बालाघाटाच्या डोंगरात पाटोद्याकडे उगवतेस, लातूर ओलांडून बिदरला जातेस, निजामसागरात अडतेस आणि उत्तरेला वळून बिलोलीच्या कडेनं गोदेला मिळतेस. सातशे किलोमीटरांहून लांबचा हा वळसा.

हिवाळ्यात काळ्या रानात करडई आधी पिवळी, मग केशरी व्हायची. पात्रातलं पाणी इतकं नितळ, की मासा दिसायचा नाही, वाळूवर त्याची सावली तेवढी पळताना दिसायची. धार आटली तरी वाळूत हातभर उकरलं की झिरा लागे. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, थोडं थांबायचं, मग निवळलेलं वाटीवाटीनं घागरीत. यातलं काहीच कुणी कागदावर उतरवलेलं माझ्या पाहण्यात नाही. आमच्या बैठकीत कॅलेंडर लागायचं, तेही बर्फाच्या डोंगराचं!

आपल्याकडे पाण्याला चितारी मिळालाच नाही असं नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाचं तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. १९२२ साली शाहू महाराज गेले आणि आबालालांनी आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात सोडली, असं सांगतात. बुडवायला तरी चित्रं होती.

धनेगावच्या धरणानं तुला अडवलं, त्याची तक्रार नाही, लातूर त्यावरच प्यायलं. पण २०१६ च्या एप्रिलात ते धरणही तळाला गेलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. तुझे म्हणून जे फोटो प्रसिद्ध आहेत, ते बहुतेक तू नसतानाचे आहेत.

खाली येसगीला तुझी वाळू ब्रासावर मोजली जाते. कुणाला अजून चित्र काढायचंच असेल, तर त्यानं तिथं जावं. वाळूचे खड्डे, टिप्पर, चाकांच्या चाकोऱ्या, बाभळी, काही वगळू नये. कॉन्स्टेबलनंही कामाला जुंपलेलीच नदी रंगवली : मालाच्या होड्या, त्या ओढणारे घोडे, पाणी अडवणारी दारं. फक्त पाण्याचा रंग लावण्याआधी काठच्या म्हाताऱ्यांना विचारावं, किती असायचं. कुणी छातीला हात लावेल, कुणी गळ्याला. एखाद्याचा हात डोक्याच्याही वर गेला, तर वाद घालू नये. तेवढं काढावं.