खूण सापडल्यावर

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरून वळणे घेत उत्तरेकडे जाणाऱ्या ज्या राज्यमार्गाला, १८४९ साली सुवर्णाच्या आशेने तेथे लोटलेल्या जनसंमर्दाच्या स्मरणार्थ, एकोणपन्नास हा क्रमांक मिळाला आहे, त्याच्या काठच्या पडक्या भिंतींत आणि ओक वृक्षांच्या ढोलींत झाकणबंद डब्या हुडकण्यात माझ्या उतारवयाचे पुष्कळ रविवार गेले आहेत. जिओकॅशिंग नावाच्या या खेळात कोणी एक डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि शोधणाऱ्याने आतल्या वहीत नाव नोंदवून ती होती तेथेच परत ठेवावयाची असते. स्थान दाखविणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकन सरकारने बुद्ध्या मिसळलेली अशुद्धता मे २००० च्या आरंभी दूर झाली, आणि लागलीच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगॉनच्या रानात एक बादली ठेवली. खेळाचा इतिहास एवढाच.

माझ्या नादाचे मूळ मात्र वडिलांच्या साखळीत आहे. भूमापन खात्याच्या नोकरीत तेहतीस फुटी साखळी, टिपणांचे बासन आणि दोन गडी घेऊन ते गावोगाव हिंडत, आणि सुटीत मीही करवंदीच्या जाळ्यांत दडलेले हद्दीचे दगड शोधीत असे. दगड सापडला की मला हर्ष होई, परंतु वडिलांच्या मुद्रेवर चिंता उमटे. कारण त्यापाठोपाठ भाऊबंदांचा तंटा, पंचनामा आणि मामलेदार कचेरीच्या खेपा ठरलेल्या असत. खूण म्हणजे एकाचा हक्क आणि दुसऱ्याची बेदखली, अशी माझी समजूत तेथे झाली, आणि पुढे परदेशातील नोकरीतही ती सुटली नाही.

कॅलिफोर्नियाची ही भूमी त्या समजुतीला पुरेपूर दुजोरा देणारी आहे. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथील लाकूड-गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले, तेव्हा येथे दप्तर नव्हते. खाणकऱ्यांनीच आपापल्या टापूचे कायदे केले, आणि खड्ड्यात ठेवलेली कुदळ हाच वहिवाटीचा दाखला ठरला. ज्यांची ती भूमी, त्या निसेनान लोकांना या हिशेबात कोणी धरले नाही, आणि १८५० साली परदेशी खाणकऱ्यांवर दरमहा वीस डॉलर कर बसला. नेवाडा सिटीपलीकडे मालाकॉफला तर पाण्याच्या प्रचंड झोतांनी डोंगरच धुऊन काढले, आणि गाळाने खालच्या खोऱ्यातील शेती गाडली जाऊ लागल्यावर, १८८४ साली, न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांच्या मनाईहुकुमाने त्याला आळा बसला. ते उघडे, तांबूस कडे पाहिल्यावर, डबी पुरू नये व जमीन खणू नये, हा खेळाचा नियम मला त्या प्रदेशापुरता तरी न्यायाचाच वाटतो.

डबीतला ऐवज पाहून वडील खदखदून हसले असते. बिल्ले, गोट्या, प्लास्टिकचे प्राणी! घ्यावयाचे असेल तर तितक्याच किंवा अधिक मोलाचे ठेवावे, असा रिवाज आहे. नातीने परवा काचेची गोटी घेऊन केसांची नवी कोरी पिन ठेवली, आणि हा सौदा आपल्याला आतबट्ट्याचा पडला, अशी फिर्याद थेट डाउनीव्हिल गाव येईपर्यंत चालविली.