तिकिटाची किंमत

मी शेवगावची. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे लहानपणी प्रवास म्हणजे एस.टी.! पैठणला जा नाहीतर नगरला, कंडक्टरकाका आपणहून जवळ यायचे, तिकीट फाडायचे आणि पंचनं खट्टकन भोक पाडून हातात द्यायचे. ते भोक कशासाठी, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पडायला हवा होता! का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी शिकायला जर्मनीत, बर्लिनला गेले. तिथली भुयारी रेल्वे १९०२ सालापासून धावते आहे. तिला ‘ऊ-बान’ म्हणतात. गंमत म्हणजे स्टेशनात फाटक नाही आणि दारात कुणी अडवत नाही. यंत्रात पैसे टाका, तिकीट घ्या, गाडीत बसा. फलाटावर एक छोटी पेटी होती. तिच्यावर ‘एंटव्हेर्टेन’ असा शब्द. मी शब्दकोश पाहिला. अर्थ निघाला, ‘किंमत नाहीशी करणे’! म्हटलं, नुकतंच विकत घेतलेलं तिकीट मी कशाला बाद करू? मोठ्या शहाणपणानं ते पाकिटात जपून ठेवलं.

तिसऱ्या स्टेशनवर तपासनीस आले. मी ऐटीत तिकीट पुढे केलं. त्यांनी मान हलवली. शिक्का नाही म्हणजे विनातिकीट! दंड साठ युरो. आपले पाच हजारांहून जास्त रुपये. माझ्या डोळ्यांपुढे बाबांनी वेचणी करून घरात रचलेला कापूस उभा राहिला.

शनिवारची संध्याकाळ होती. रडवेली होऊन मी खोलीवर आले, खरेदीचं विसरूनच गेले. रात्री आईचा फोन.

“जेवलीस का गं?”

“हो तर! पोटभर.”

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले, तर रस्त्यावरचं प्रत्येक दुकान बंद! जर्मनीत रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदाच आहे. आईनं दिलेल्या चिवड्याचा चुरा खाऊन मी दिवस काढला. संध्याकाळी पुन्हा फोन, पुन्हा तेच. “हो, जेवले.”

माझी आजी म्हणायची, “तोंडात जीभ असली की माणूस काशीला पोचतं.” शेवटी धीर करून मी शेजारच्या आजीबाईंचं दार वाजवलं. थोडं इंग्रजी, थोडं जर्मन, बाकी खाणाखुणा. त्यांनी मला बसवून घेतलं. चुलीवर सूप होतं. “ओने फ्लाइश?” म्हणजे ‘मांसाशिवाय?’ हे मी आधी विचारून घेतलं. त्या हसून हो म्हणाल्या. पहिला घोट घेतला आणि काय सांगू, ती मसुरीची आमटीच होती! फक्त फोडणी तेवढी नव्हती.

मग त्यांनी सगळं समजावलं. रविवारी सकाळी काही बेकऱ्या थोडा वेळ उघडतात आणि मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं चालू असतात. तिकिटावरच्या शिक्क्यात तारीख आणि वेळ असते. तिथून पुढे दोन तास ते चालतं. शिक्का मारला नाही, तर एकच तिकीट महिनाभर मिरवता येईल! माझ्या डोक्यात खट्टकन उजेड पडला. अरे, हा तर कंडक्टरकाकांचा पंच! फरक इतकाच, की इथं प्रवाशानंच आपला कंडक्टर व्हायचं.

त्यांनीच मला तुर्की बाजार दाखवला. जर्मनीनं तुर्कस्तानशी १९६१ साली करार केला, तेव्हापासून तिथली पुष्कळ माणसं कामासाठी आली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर हा बाजार भरतो. “आइन ऑयरो! आइन ऑयरो!” म्हणजे एक युरो, एक युरो! डोळे मिटले तर आपलाच आठवडे बाजार. वांगी, भेंडी आणि चक्क कोथिंबीर! तिथल्या दुकानात ‘क्वार्क’ मिळतं. चव थेट चक्क्याची. साखर, वेलदोडा घालून घोटलं की झालं श्रीखंड. राईच्या काळ्या पावाबरोबर शेंगदाण्याची चटणीही झकास लागते.

सगळं मार्गी लागलं, पण एक गोष्ट मनात टोचत होती. त्याच सुमारास मी इरावती कर्वे यांच्याविषयी वाचलं. त्या १९२८ साली याच बर्लिनला पीएच.डी. करायला आल्या होत्या. युरोपातल्या लोकांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून ते जास्त बुद्धिमान, असं त्यांच्या प्राध्यापकांचं म्हणणं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. तसा फरक आढळला नाही, आणि आढळला नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, आपल्याच गुरूंना! आणि मला आईला ‘जेवले नाही’ एवढंही सांगता येऊ नये?

त्या रात्री मीच फोन केला. दंड, रविवार, चिवडा, सगळं सांगून टाकलं. आई थोडा वेळ गप्प होती.

“साठ युरोचं जाऊ दे,” ती म्हणाली, “माणूस शिकतं. पण उपाशी राहून मला ‘हो’ म्हणालीस, त्याचा दंड कोण भरणार?”

तो दंड मी अजून भरते आहे. रोज रात्री काय जेवले, ते खरं खरं सांगते. अगदी भात करपला असेल तरी!