दगडावर कोरलेली ठेव-पावती

इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याकडे निघाले की त्रिरश्मी डोंगर दिसू लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पण पांडवांचा या लेण्यांशी काहीएक संबंध नाही. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी आणि वंदनेसाठी कोरलेली आहेत. तिथल्या शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे.

गेल्या वैशाख पौर्णिमेला आम्ही वस्तीतली मुले घेऊन वर गेलो. दहाव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. "काका, यात काय लिहिलंय?" मुलांनी विचारले. आम्ही म्हणालो, "बाळांनो, ही ठेवीची पावती आहे!"

हे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी दान दिले. त्यासोबत त्याने ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवली. एकीकडे २००० नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. आम्ही पडलो कारकून, तिथेच हिशेब मांडला. २००० चे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ नाणी, म्हणजे बरोबर २४०! दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९०, ते इतर खर्चासाठी. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट. हा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकवून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, असेही लेखात आहे.

हे मुलांना सांगताना आमची मान खाली गेली. वस्तीत आम्ही वह्या-पुस्तकांसाठी घरटी वर्गणी काढून निधी जमवला होता. मुलांना वह्या एकदाच मिळाल्या. मंडप आणि लाऊडस्पीकरपायी तीन वर्षांत मुद्दलच संपले. कोणी खिशात घातले नाही. पण हिशेबाची वही आमच्या कपाटात राहिली. कोणी मागितली नाही, आम्ही दाखवली नाही.

यंदा निधी पुन्हा उभा केला आहे. मुद्दल पोस्टात ठेवले, व्याजातूनच वह्या घ्यायच्या. विहाराच्या दाराशी फळा टांगला आहे. दर महिन्याला जमाखर्च त्यावर खडूने लिहितो आणि सभेत वाचून दाखवतो.

वाचकहो, लेणी पाहायला जाल तेव्हा दहाव्या लेण्याशी जरा थांबा. मुलांना त्या व्याजाचा हिशेब तोंडी करायला लावा.