चाचांचा दावतनामा

आपाच्या लेकीचा निकाह ठरला तेव्हा आपाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "कार्ड कैसा बी छाप, पर हर्फ अब्बाकेच होना."

तिचे अब्बा म्हणजे माझे चाचा. कातिब होते. विजापूर वेशीतल्या त्यांच्या खोलीत शाईचा वास असायचा आणि आम्हा पोरांना कलमांना हात लावायची मनाई. १९९४ च्या सुमारास इनपेज आलं. मिर्झा अहमद जमील यांनी लिहिलेल्या नूरी नस्तालीकचे घडीव शब्द कोणीही कीबोर्डवरून टाइप करू लागला आणि चाचांचं काम हळूहळू मथळ्यांपुरतं उरलं. ते बटर पेपरवर लिहायचे, प्रेसमधला ऑपरेटर ते स्कॅन करायचा आणि फ्रीहँडमध्ये त्यावरून रेघ ओढायचा. चाचा शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, "दालचं पोट जास्त झालं, कमी कर." माउस धरलेला तो पोरगा त्यांना फार भ्यायचा.

चाचा गेले. प्रेस बंद पडली, मूळ कागद पावसात गेले. चाचींच्या शिवणाच्या डब्यात एक सीडी मात्र निघाली. लॅपटॉपला सीडी लावायची सोय नाही, म्हणून नव्या पेठेतून बाहेरचा ड्राइव्ह आणला. आत सव्वीस फाइली. बहुतेकींच्या शेपटीला एफएच८. डबल क्लिक केलं तर संगणकाने विचारलं, ही कशात उघडू?

बरोबरच होतं त्याचं. फ्रीहँड आल्टसिसने बनवलं आणि १९८८ मध्ये आल्डसने विकायला आणलं. पुढे ते मॅक्रोमीडियाकडे गेलं आणि २००५ मध्ये अख्खी मॅक्रोमीडियाच अडोबीने घेतली. अडोबीचं स्वतःचं इलस्ट्रेटर होतंच. २००७ मध्ये जाहीर झालं की फ्रीहँडची नवी आवृत्ती निघणार नाही. इलस्ट्रेटरच्या काही जुन्या आवृत्त्या या फाइली उघडायच्या, नव्या उघडत नाहीत.

आमच्या सोलापुरात जुन्या कारखान्यांत जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं पडलेली दिसतात. तो माग भंगारात गेला तरी कार्ड उजेडात धरून भोक कुठे आहे, कुठे नाही हे डोळ्याने वाचता येतं. सीडी उजेडात धरली तर आपलंच तोंड दिसतं.

वाट फुकटात निघाली. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये २०१४ पासून फ्रीहँडच्या फाइली उघडतात, आणि पुढच्या वर्षापासून पेजमेकरच्याही. हे मला माहीतच नव्हतं. आधी दोन दिवस मी चोरीची सॉफ्टवेअरं शोधत व्हायरस गोळा करत होतो.

'दावतनामा' नावाची फाइल उघडली. १९९९ ची, आपाच्याच लग्नाची. मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता, कारण तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षर बसवलेलं असायचं; फॉन्ट गेला की घरमालक तेवढा दिसतो. पण वर चाचांचा शब्द जागेवर होता. तो टाइप केलेला नव्हताच, नुसत्या रेघा होत्या, म्हणून त्याला फॉन्टची गरज पडली नाही. मशीनने ज्यांना मागे टाकलं होतं त्यांचंच तेवढं वाचलं. मला हसू आलं, मग नाही आलं.

एक खोट होती. वावचा डोळा आणि शेवटच्या हेची पोकळी काळ्याने बुजली होती. बाहेरची रेघ आणि आतली रेघ सुटी झाली होती. फाइल एसव्हीजी करून इंकस्केपमध्ये घेतली, दोन्ही रेघा निवडून कंबाईन केल्या आणि डोळे उघडले. ते वरचा एक नुक्ता किंचित खाली सरकलेला वाटला. तो चाचांचा की ऑपरेटरचा? मी सरळ करायला माउस नेला आणि थांबलो. आपाच्या अल्बममध्ये जुनं कार्ड होतं, त्यात पाहिलं. तसाच होता. राहू दिला. कार्डाचा मराठी मजकूरही तिथूनच बघून नव्याने टाइप केला.

सीडीत एका किताबाच्या मुखपृष्ठासाठी लिहिलेली बिस्मिल्लाहही होती, फार देखणी. आपा म्हणाली, ही कार्डावर घे. मी म्हटलं, "आपा, चाचा कार्डावर बिस्मिल्लाह लिहीत नव्हते. लोक कार्ड कुठंही टाकतात, पायाखाली येतं म्हणायचे." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मेरेकू मालूम है. पर वो हैं कां अब डाटनेकू?" अर्ध्या तासाने तिनेच फोन केला: ७८६ टाक. बिस्मिल्लाह मोठी छापून तिच्या बैठकीत लावायची ठरली.

सव्वीसपैकी एकवीस फाइली निघाल्या. प्रत्येकीची एसव्हीजी आणि पीडीएफ करून आपाकडे, माझ्याकडे आणि चाचींच्या डब्यात पेनड्राइव्हवर ठेवली. सीडी तशीच आहे, पाच फाइली अजून तिच्यात अडकल्यात.

प्रेसमधल्या पोराने प्रूफ पाहून विचारलं, "भाई, हा फॉन्ट कोणता? मला पण द्या ना."

आपा माझ्या आधी बोलली. "नै मिलता वो."