तेल न लावलेले केस

माझ्या वर्गात मिशनच्या बोर्डिंगात राहणारा एक मुलगा होता. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वर्षातून एकदा बोर्डिंगात फोटोवाला यायचा, पोरांना भिंतीशी उभं करून एकेकाचा फोटो काढायचा आणि ते फोटो परदेशी जायचे. ह्याचा जर्मनीला जाई. ह्याचा खर्च तिथली एक बाई करायची. पोरं तिला ‘जर्मनीची आजी’ म्हणत. फोटोच्या दिवशी मास्तर सकाळीच बजावायचे, “आज कुणी केसांना तेल लावायचं नाही रे.” एरवी कोरड्या केसांनी शाळेत गेलं तर ह्याच मास्तरांची छडी बसे. आम्ही हसायचो. मास्तरांना हे कुठून सुचलं असेल, याचा अंदाज मला फार उशिरा, लंडनमध्ये आला.

पूर्व लंडनमध्ये रीजंट्स कालव्याच्या काठी जुन्या गोदामांच्या इमारतीत ‘रॅग्ड स्कूल म्युझियम’ आहे. फाटक्या कपड्यातल्या पोरांची शाळा. थॉमस बर्नार्डो यांनी ती 1877 साली तिथे सुरू केली. लाकडी बाकं, दगडी पाट्या, पाट्यांवर पेन्सिलीचे चरे. मी एका बाकावर बसून पाहिलं. गुडघे वर आले. इथे पोरांना फुकट शिक्षण मिळे, आणि बहुतेक पोरं ज्याच्यासाठी येत ते खाणंही मिळे.

बर्नार्डो मूळचे डब्लिनचे. 1866 साली लंडनला आले ते डॉक्टरकी शिकून मिशनरी म्हणून चीनला जायला. चीन राहिलं. शाळा सुटल्यावर शेकोटीपाशी रेंगाळणाऱ्या एका पोराला त्यांनी घरी जा म्हटलं, तर पोरगा म्हणाला, घर नाही. मग त्याने मध्यरात्री त्यांना एका छपरावर नेलं. तिथे थंडीत पोरं एकमेकांना चिकटून झोपली होती. ही गोष्ट बर्नार्डो पुढे जन्मभर सांगत राहिले, आणि सांगता सांगता थोडी रंगलीही असणार. गोष्टीवर देणगी मिळते हे त्यांना लवकर उमगलं होतं. 1870 मध्ये स्टेपनी कॉजवेला त्यांचं मुलांचं पहिलं वसतिगृह निघालं. तिथे अकरा वर्षांच्या, तांबड्या केसांच्या, ‘कॅरट्स’ म्हणून हाक मारली जाणाऱ्या एका मुलाला जागा नाही म्हणून परत पाठवलं, आणि दोन दिवसांनी तो भुकेने नि गारठ्याने मेलेला सापडला. त्यानंतर दारावर पाटी लागली: निराधार मुलाला इथे कधीही नकार मिळणार नाही. या पाटीपुढे मी टीकाकाराचा चष्मा काढून ठेवतो. पाटी लावणं सोपं असतं. ती पाळायची म्हणजे रोज रात्री आणखी एक खाट कुठून तरी पैदा करायची.

पण खाटेला पैसे लागतात. म्हणून बर्नार्डोंनी संस्थेतच फोटोचा स्टुडिओ उघडला. जोडीजोडीने फोटो निघत: एकात चिंध्यांतला अनवाणी पोरगा, दुसऱ्यात तोच पोरगा स्वच्छ कपड्यांत, कामाला लागलेला. वीस कार्डांचा संच पाच शिलिंगांना. काही जोड्यांतले दोन्ही फोटो एकाच दिवशी काढलेले. 1877 साली त्यांच्यावर जे आरोप झाले त्यांची लवादापुढे चौकशी झाली. फोटोसाठी बर्नार्डोंनी आपले कपडे चाकूने फाडले, असं एका मुलाने सांगितलं. बहुतेक आरोपांतून ते सुटले, पण फोटोंच्या बाबतीत लवादाने त्यांना कडक शब्दांत सुनावलं: कल्पित चित्र खरं म्हणून दाखवणं गैर आहे.

चाकू, आणि तेल न लावलेले केस. मला तिथल्या तिथे मास्तर आठवले. त्यांनी बर्नार्डोंचं नावही ऐकलं नसेल. पण देणाऱ्याचे डोळे कशाला ओलावतात हे कुणीतरी कुणालातरी सांगत सांगत ते आमच्या गावापर्यंत पोचलेलं असणार.

चाकूपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खटकली. त्या कार्डांवर मुलं एकटी दिसतात. आईबाप नाहीत. प्रत्यक्षात त्यांतल्या कितीतरी मुलांना आई होती, कुठे बापही होता, पैसा नव्हता. वाईट आईबापांच्या हातून मूल काढून आणणं याला बर्नार्डो उघडपणे ‘परोपकारी पळवापळवी’ म्हणत. एका आईने आपला मुलगा कॅथलिक संस्थेत हलवावा अशी मागणी केली, तेव्हा मुलगा कॅनडाला गेलेला होता. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत चढला. 1891 साली कायदाच झाला, ज्याने मूल टाकून दिलेल्या वा त्याची हेळसांड केलेल्या आईबापांच्या ताब्यात ते परत न देण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. लोक त्याला ‘बर्नार्डोंचा कायदा’च म्हणत. 1882 पासून पुढच्या पाऊणेक शतकाच्या आत एकट्या बर्नार्डो संस्थेने सुमारे 30,000 मुलं कॅनडाला पाठवली, बरीचशी शेतांवर राबायला. फेब्रुवारी 2010 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी, गॉर्डन ब्राउन यांनी, वसाहतींत पाठवलेल्या अशा सगळ्या मुलांची माफी मागितली. बर्नार्डो संस्था आज अनाथालयं चालवत नाही. ती मुलांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही धरून काम करते.

घरच्यांना धरून म्हणजे काय, हे मला मादागास्करच्या पेद्रो ओपेका या पाद्र्यामुळे नीट कळतं. अर्जेंटिनात वाढलेला, स्लोव्हेनियन आईबापांचा मुलगा. बापाकडून गवंडीकाम शिकलेला. राजधानी अंतानानारिव्होच्या कचऱ्याच्या डोंगरावर पोरं कुत्र्या-डुकरांशी झोंबून खाणं शोधताना त्याने पाहिली आणि 1989 मध्ये ‘आकामासोआ’ सुरू केलं. अर्थ, चांगले मित्र. पोरं वेगळी काढून वसतिगृहात भरली नाहीत. आईबापांना खाणीत दगड फोडायचं, विटा रचायचं काम दिलं. त्यांनी स्वतःची घरं बांधली, वस्तीचे नियम स्वतः ठरवले, आणि पोरं शाळेत. गवंड्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वीट एकटी उभी राहत नाही. मात्र ओपेकांचे जगभर फिरणारे फोटो पाहावेत. पांढरी दाढी, भोवती पोरांचा गराडा. दगड फोडणाऱ्या बायांना त्यात क्वचितच जागा मिळते. कॅमेऱ्याची खोड जात नाही.

माझ्या वर्गमित्राची आई दर शनिवारी एसटीने यायची. फडक्यात बाजरीच्या भाकरी, डब्यात शेंगदाण्याची चटणी. एका फोटोच्या दिवशी ती नेमकी आली, तेव्हा फोटोवाल्याने तिला “बाई, जरा सरका” म्हटलेलं मी ऐकलं आहे. वर्षाचं आभाराचं पत्र मास्तर फळ्यावर इंग्रजीत लिहून देत. पोरं उतरवून काढत. ह्याने एकदा विचारलं, शनिवारच्या चटणीचं इंग्रजीत कसं लिहायचं? मास्तर म्हणाले, “त्यांना काय कळणार त्यातलं? फळ्यावरचं लिही.”

तो आता बँकेतून निवृत्त झालाय. मध्यंतरी बोर्डिंगाच्या जुन्या कपाटांची आवराआवर निघाली, तेव्हा कुणीतरी त्याला त्याच्या नावाचा गठ्ठा आणून दिला. जर्मनीच्या आजीची पत्रं, सुबक तिरक्या अक्षरात. तेव्हा मास्तर त्यातलं वरवरचं काही मराठीत सांगत: बाई खूश आहेत, अभ्यास कर म्हणतात. पत्र मात्र कपाटात जाई.

मागच्या महिन्यात त्याने ती माझ्यासमोर ओट्यावर मांडली. सात पत्रं. चौथ्या पत्रात आजीने विचारलं होतं, तुझ्या आईबद्दल तू काहीच लिहीत नाहीस, ती तुला काय करून घालते? पाचव्यात पुन्हा तेच. सहाव्यातही.

“सातव्यात?” मी विचारलं.

“सातव्यात नाही विचारलं,” तो म्हणाला आणि पत्रं घडीवर घडी घालून परत पाकिटात सारू लागला.